लायसन रद्द करणेबाबत

त्या दिवशी दुपारी आपण चिंच फोडत बसलो होतो. तू दगडानं टरफल फोडायचीस, मी शिरा ओढून चिंचोके काढायचो, असं आपलं वाटून घेतलेलं काम. माझ्या ढिगात एखादा चिंचोका राहिला की तू तो उचलून, काही न बोलता, माझ्या मांडीवर टाकायचीस. त्या दुपारी तसे चार पडले. मग मी हात पुसले, पेपर घेतला आणि रोजच्यासारख्या आतल्या पानावरच्या जाहीर नोटिसा तुला वाचून दाखवल्या. कुणाचं खरेदीखत हरवलं, कुणी कुणाशी संबंध तोडला. तू रोजच्यासारखं विचारलंस, "आवं, आलं का काही लायसनचं?" मी रोजच्यासारखं म्हटलं, "नाय."

तू दगड खाली ठेवलास. म्हणालीस, "उद्या दौलताबादला जाऊ. या वेळी तुम्ही बी चला."

मी म्हटलं, बघू.

चाळीस वर्षं लोकांच्या तोंडातले शब्द पकडून पोट भरलं मी. आणि तुझ्या तोंडातले "या वेळी" हे दोन शब्द माझ्या कानावरून सरळ निघून गेले. या वेळी म्हणजे आधीही वेळा झाल्या होत्या. शेंबड्या पोराला कळलं असतं. मला नाय कळलं. कुठं जायचं ते मात्र कळलं होतं. त्या पोरीकडं जायचं होतं. म्हणूनच मी बघू म्हटलं.

सकाळी तू अंघोळ करून, धुतलेलं पातळ नेसून तयार. मी खाटेवरच. म्हटलं गुडघा दुखतोय, ऊन लई आहे, पुढच्या आठवड्यात जाऊ. तू भांडली नाहीस. एवढंच म्हणालीस, "मग मी जाते. तुम्ही भाकर खाऊन घ्या." आणि उंबऱ्यावर बसून चप्पल घालायला वाकलीस. एक चप्पल घातलीस. दुसरी घालायला वाकलीस ती वर आलीच नाहीस. शेजाऱ्याची रिक्षा, दवाखाना, डॉक्टरचं मान हलवणं, हे सगळं मग झालं, पण माझ्यासाठी तू तिथंच गेलीस, उंबऱ्यावर, एका पायात चप्पल घालून. दुसरी चप्पल अजून तिथंच आहे. तुझी बहीण सिंधू आली तिनं उचलायला हात घातला, मी तिच्या अंगावर ओरडलो. बिचारी रडली. मी माफी मागितली नाय. ते मला येत नाय, तुला माहीतच आहे. सगळं गाऱ्हाणं त्याचंच आहे.

सिंधू म्हणते, भाऊजी, लिहा काहीतरी, मोकळं वाटंल. मला मोकळं व्हायचं नाय. मी सातवी शिकलेला माणूस, कागद लिहिला तो दुसऱ्याच्या पोराबाळांविषयी. आज मला तुला जबाब द्यायचा आहे. आणि त्याच्या आधी एक गोष्ट करायची आहे. सगळा जन्म तुला "ऐकलं का" म्हणून हाक मारली. तुझं नाव मी कधी घेतलं नाय, ना तोंडानं, ना हातानं. तर लिहितो. कौसल्या.

आता ऐक.

आपलं लग्न झालं तेव्हा मी औरंगपुऱ्यात एका वकीलसाहेबांकडं शिपाई होतो. माणसं नोटीस न घेता पळायची, पत्ता बदलायची, साहेब म्हणायचे, शोध. मी शोधायचो. मग साहेबांच्या ओळखीच्या कुणी म्हटलं, आमच्या मुलीला स्थळ आलंय, पोरगा कसा आहे जरा बघून ये. त्यातून धंदा झाला. जिन्याखाली एक टेबल आणि वर पाटी. "खाजगी चौकशी. लग्न, पत्ते व इतर." तू मला पाटी वाचायला लावलीस, मग म्हणालीस, "व इतर म्हंजे काय?" मी म्हटलं, लिहायची पद्धत असते. तू पदर तोंडाला लावून हसलीस. "नाय. इतर म्हंजे मी."

खरं बोललीस. धंदा तुझाच होता. मी दारात उभा राहिलो की बायामाणसं आत जायची. तू भांडीवाली होऊन जायचीस. टोपलीत दोन डबे, चार पातेली, जुन्या कपड्यावर भांडी. कपडा हातात घेतला की तुला घर कळायचं. या सदऱ्याचा खांदा ओढून फाटलाय, या घरात हात उचलतात. या पोराच्या पँटी नव्या आहेत पण बापाच्या बनियनला भोकं आहेत, पोरगा बापाला पिळतो. मी तुझ्या तोंडून ऐकायचो आणि कागदावर माझी सही करायचो.

आणि तुझा तो एक नियम. तीन दारं. एका दारी ऐकलं ते भांडण, दुसऱ्या दारी ऐकलं ती अफवा, तिसऱ्या दारी तेच ऐकलं तरच कागदावर घ्यायचं. आणि मी कुठून काही ऐकून आलो की तुझा पहिला सवाल, "कोणत्या शब्दात सांगितलं?" मी म्हणायचो, अगं अर्थ हाच होता. तू म्हणायचीस, "अर्थ ऱ्हाऊ द्या. शब्द सांगा."

तरी तुला तो धंदा कधी गोड लागला नाय. तुझ्या बापानं लग्नानंतर दोन वर्षांनी मी काय करतो ते ऐकलं आणि जेवत्या ताटावरून उठला. म्हणाला, "मुखबिरी करतो व्हय जावई?" पोलीस ॲक्शनच्या आधी गावातल्या मुखबिरानं रझाकारांना कुणाचं घर दाखवलं आणि कुणाला ओढून नेलं हे त्यानं पोरवयात डोळ्यानं बघितलेलं. तू त्याला समजावत राहिलीस की ती मुखबिरी आणि ही चौकशी वेगळी. घरी येताना वाटंत मला विचारलंस, "वेगळी कशी, ते मला बी सांगा." मी म्हटलं, मुखबीर लपून सांगतो. तू म्हणालीस, "आणि मी काय ढोल वाजवून जाते? परवा त्या बाईनं मला बसायला पाट दिला, चहा पाजला. आणि मी तिच्याच पोराची दारू तुम्हाला सांगितली."

म्हणून लायसन.

दुकानाचा परवाना आपल्याकडं होता, पण तो काढताना बाबूनं विचारलं होतं, विकता काय? मी म्हटलं, चौकशी. तो म्हणाला, ती किलोवर का नगावर? सगळं ऑफिस हसलं. मग एक दिवस वकीलसाहेबांनी आपल्याला दोघांना बसवून सांगितलं की दिल्लीत बिल आलंय. आता खाजगी चौकशी करणाऱ्याला सरकारी लायसन लागणार. माणूस चांगल्या चालीचा आहे का बघणार, फोटो घेणार, कार्ड देणार. लायसनशिवाय धंदा केला तर सजा. मी तिथंच फुगलो. खिशात कार्ड, पोलिसानं अडवलं की दाखवायचं, मला एवढंच दिसत होतं. तू मात्र साहेबांना विचारलंस, "आणि साहेब, कार्डवाल्याकडून चूक झाली तर?" साहेब म्हणाले, बोर्ड बसेल, तक्रार ऐकेल, लायसन रद्द करेल. तू वाटंत म्हणालीस, "हे बेस झालं." मला वाटलं कार्डाचं बेस झालं.

फोटो काढायला गेलो ते आठवतं? फोटोवाला तुला म्हणाला, मावशी, पदर मागं घ्या, दोन्ही कान दिसले पायजेत. तू पदर सारलास आणि म्हणालीस, "व्हय बाबा, आमच्या धंद्यात कानच तर लागतात." तुझ्या दोन प्रती, माझ्या दोन. डब्यात ठेवल्या, फॉर्म सुटला की लावायला. तुझ्यातली एक सिंधूनं मोठी करून आणली. हार घातलेली, भिंतीवर आहे. कान दिसतात.

आता त्या पोरीचं.

त्या आठवड्यात तू पैठणला होतीस, आईच्या आजारपणात. लग्नसराईचे दिवस, पोराकडचे घाईला आलेले, परवा सुपारी फोडायची म्हणत होते. मुलगी शालन, अंगणवाडीच्या ऑफिसात नोकरीला, बापासोबत शहागंजाच्या मागच्या गल्लीत भाड्यानं राहायची. मी भर दुपारी गेलो. शेजारी एक म्हातारी खाला तांदूळ निवडत बसलेली. मी विचारलं, छोरी कैसी है? ती म्हणाली, "छोरी हीरा है भाई. बस, महिने में दो-तीन दौरे रैते उसके. आती तो बिल्कुल निढाल हो जाती बिचारी."

मी दुसरं दार वाजवलं नाय. मला गरजच वाटली नाय. आपल्या गल्लीत फेफऱ्याला दौराच म्हणायचे, आणि माझा धाकटा भाऊ दौऱ्यानंच गेला. विहिरीच्या कडंला बसला होता. दिवसभर गळून पडलेला असायचा तो, तसाच निढाल. माझ्यासमोर तो उभा राहिला, कौसल्या, आणि मी घरी येऊन कागदावर लिहिलं, "मुलीला महिन्यातून दोन-तीन वेळा फिट येते." सही केली. खरं सांगतो, त्या वेळी मला वाटलं मी कुणालातरी वाचवतोय.

सुपारी फुटली नाय. कागद पोराच्या मामाकडं गेला, मामाकडून आत्याकडं, मग तो कुठं कुठं गेला कुणास ठाऊक.

तू आलीस. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं. तू पाण्याचा तांब्या हातात धरून विचारलंस, "कोणत्या शब्दात?" मी शब्द सांगितले, एकूण एक. कान माझा चांगलाच होता. तू तांब्या खाली ठेवलास.

"आती तो म्हनली ना ती खाला? आती तो म्हंजे कुठून येती?"

मग तूच सांगितलंस.

"अंगणवाडीच्या ऑफिसातली पोरगी. खेड्यापाड्यात तपासणीला जात असंल. दौऱ्यावर. सरकारी दौरा."

दुसऱ्या दिवशी तू स्वतः त्या खालाकडं गेलीस, मग आणखी दोन दारी. तिन्ही दारी एकच. पोरीला कसला आजार नाय, साधी सर्दी नाय. एस्टीनं गावं फिरून दमून येते, एवढंच.

मी पोराकडच्यांकडं गेलो, एवढं तरी तू कबूल करशील. ते म्हणाले, आता दुसरीकडं ठरलं, कशाला उकरता. पण शालनच्या बापाकडं जा, तिच्याकडं जा, असं तू किती वेळा म्हणालीस? पहिल्या वर्षी रोज. मग सणासुदीला. मी काय म्हणायचो ते मला अक्षर न अक्षर आठवतं, कारण माझ्या स्वतःच्या शब्दांवर माझं लई प्रेम. मी म्हणायचो, "आपल्याला कुणी विचारलंय का? कोण विचारणार? लायसन हाय का आपल्याला, की कुणी जाब घेईल?"

आणि तू म्हणायचीस, "त्येच तर."

मला ते "त्येच तर" कधी कळलं नाय. मला वाटायचं तू माझ्या बाजूनं बोलतेस.

पुढं वकीलसाहेब वारले. बिल दिल्लीत पडून राहिलं. मग एक दिवस मीच तुला पेपरातून वाचून दाखवलं की सरकारनं ते बिल परत घेतलं, खाजगी चौकशीवाल्यांना काही लायसन-बियसन नाय. मी म्हटलं, बरं झालं, सुटलो. तू भाजी निवडत होतीस. हात थांबले तुझे. "म्हंजे आता आपल्याला कुणीच काढून टाकणार नाय," म्हणालीस. असं म्हणालीस, जसं घरात कुणी गेलंय. मी हसलो. कौसल्या, मी हसलो होतो. त्यानंतरही तू रोज विचारत राहिलीस, आलं का काही लायसनचं, आणि मला वाटायचं म्हातारी विसरते.

तू काही विसरत नव्हतीस. सीताफळांच्या दिवसात दर वर्षी एकदा तू दौलताबादला जायचीस आणि पिशवीभर सीताफळं आणायचीस. मी चिडवायचो, शहागंजात मिळत नाय व्हय सीताफळं, एवढ्या लांब तडफडत जायला? तू म्हणायचीस, तिथली गोड असतात. आल्यावर घटाघटा दोन तांबे पाणी प्यायचीस. मी सीताफळं खायचो. बिया मोजून थुंकायचो अंगणात. चौकशीवाला म्हणे मी. बापासोबत शालन दौलताबादला राहायला गेली हे मला माहीत होतं. तुझी सीताफळं दौलताबादची हेही माहीत होतं. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात होत्या आणि मी त्यांची गाठ पडू दिली नाय. नकोच होती पडायला.

तू गेल्यावर पडली. सरण पेटवून आलो, ओसरीत बसलो, समोर तो चिंचेचा ढीग तसाच, अर्धा फोडलेला, आणि "या वेळी तुम्ही बी चला" हे कुणी कानात ओतल्यासारखं ऐकू आलं. मला बसवेना. आपल्याला मूल नाय, कुणाला सांगू? तेव्हापासून मी या घरात नुसता फिरतोय. तुझ्या डब्यांची झाकणं उघडतो आणि लावतो. काय शोधतो ते मला माहीत नाय. चहा दोन कप होतो. मी तुला शिव्या देतो, मोठ्यानं, मग सिंधू आतून येऊन बघते. मला कुणी तरी जाब विचारावा गं. तू तरी विचार. तू कधी तोंडावर विचारला नाहीस, नुसता चिंचोका उचलून मांडीवर ठेवत राहिलीस.

चौथ्या दिवशी मी सदरा घातला. सिंधू म्हणाली, भाऊजी सुतकात आहात, कुणाच्या दारी जाऊ नये. मी म्हटलं, दारात जाणार आहे, घरात नाय.

बसनं किल्ल्याच्या पायथ्याशी उतरलो. विचारत विचारत गेलो, तेवढं येतं मला. तिसऱ्या दारी पत्ता मिळाला. लोखंडी फाटक, बाजूला लिंबाचं झाड. फाटक वाजवलं तर एक बाई कुलूप हातात घेऊन बाहेरच येत होती. चाळिशी ओलांडलेली, खांद्याला पिशवी, चष्मा. मी तिला जन्मात पहिल्यांदा बघत होतो. जिच्याविषयी सही केली, तिला.

ती म्हणाली, "कोण पायजे? आज दौरा हाय माझा, लवकर बोला."

तो शब्द तिच्या तोंडून, इतका साधा.

मी म्हटलं, "मी कौसल्याचा मालक." जिंदगीत पहिल्यांदा तुझं नाव मोठ्यानं घेतलं, ते तिच्या फाटकाशी.

तिनं माझ्या मागं बघितलं. "मावशी नाय आल्या? अजून तर सीताफळं यायचीत."

मी सांगितलं. काय शब्दात सांगितलं आठवत नाय. तिनं पिशवी खांद्यावरून खाली घेतली. मग लिंबाकडं बघत बोलायला लागली, आणि ती जे बोलली ते मी तुला जसंच्या तसं सांगतो, अर्थ नाय, शब्द.

"दर वर्षी यायच्या. पहिल्यांदा आल्या तेव्हा म्हणाल्या, चूक माझ्या कानाची, मालक घरी नव्हते त्या वेळी. माझा बाप तेव्हा जिवंत होता, त्यो अंगावर धावला. पुढच्या वर्षी परत आल्या. म्हणाल्या, बाई, आमच्यावर कुणी साहेब नाय, लायसन नाय की कुणी काढून घेईल. तूच आमची साहेब. काय सजा द्यायची ती दे. मी म्हटलं, उभ्या ऱ्हावा मग. तर उभ्या ऱ्हायल्या. इथं. सावली सोडून. मी आत जायचे, खिडकीतून बघायचे. तासभर. मग जायच्या. मी कधी आत घेतलं नाय. पाणी बी दिलं नाय कधी."

दोन तांबे पाणी, घरी आल्यावर. घटाघटा.

मी म्हटलं, "ती घरी नव्हती. मी होतो. ती पैठणला होती, आईकडं. कान माझा, कागद माझा, सही माझी. तिनंच मला चूक दाखवली. मी आलो नाय."

तिनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं मारंल. मारावं असं वाटलं.

"हे आज सांगताय," ती म्हणाली. "आठ दिवस आधी सांगितलं असतं तर मी त्यांना पाणी दिलं असतं हो."

मला माफ कर असं मी म्हणणार होतो. शब्द तोंडात आलाही होता. पण तिच्याकडं बघून कळलं की तो शब्द आता मी माझ्याच सोयीसाठी वापरणार होतो. गिळला.

ती आत गेली. तांब्या घेऊन आली, भरलेला. मी म्हटलं, मला सुतक हाय, मी घेत नाय. ती म्हणाली, "तुमच्यासाठी नाय." आणि लिंबाच्या सावलीबाहेर, जिथली माती जरा दबलेली दिसत होती तिथं तिनं तो तांब्या ठेवला. मग फाटकाला कुलूप लावलं, पिशवी उचलली आणि दौऱ्याला गेली. मागं वळून बघितलं नाय. मी बसची वेळ टळेपर्यंत तिथं उभा राहिलो. उन्हात. तांब्याला हात लावला नाय. गुडघ्याचं तुला काय सांगू, तू सोसलंस त्याच्यापुढं ते काहीच नाय. कौसल्या, तू एकदा तरी घरी येऊन माझ्या थोबाडात का मारली नाहीस? का वाचवत राहिलीस मला, मी वाचवण्यासारखा होतो का?

याचं उत्तर कुणी देणार नाय. हेच ते. कुणी विचारणारं नाय आणि कुणी सांगणारं नाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर उठलो. कोरा कागद घेतला आणि अर्ज लिहिला, दोन प्रतींत. वर छत्रपती संभाजीनगर असं नवं नाव लिहिलं, चुकून औरंगाबाद झालं होतं ते खोडलं. विषय: लायसन रद्द करणेबाबत. खाली लिहिलं की मी खाजगी चौकशीचा धंदा करत होतो, मी एकच दार विचारून एका निर्दोष मुलीविषयी खोटा कागद दिला, तरी माझं लायसन कायमचं रद्द व्हावं. पाटीवर "व इतर" होतं, ते अर्जात लिहिलं नाय. चूक एकट्याची होती. डब्यातला फोटो काढून चिकटवला.

कचेरीत खिडकीवरच्या बाबूनं अर्ज दोनदा वाचला. म्हणाला, "बाबा, लायसन नंबर?"

"नाय."

"लायसन दिलं कुणी?"

"कुणीच नाय. असं लायसन नसतंच."

"मग मी रद्द काय करू?"

मी म्हटलं, "ते तुम्ही बघा. रद्द करा."

मागच्या रांगेतलं कुणीतरी हसलं. बाबू हसला नाय. तरुण होता, घरी कुणी म्हातारं असावं. त्यानं फोटोवर बोट ठेवलं. फोटोत माझे केस काळे, मिशी जाड, दोन्ही कान दिसतात. "हा कोण?"

"ज्यानं लिहिलं तो," मी म्हटलं.

तो म्हणाला, यावर पुढं काही होणार नाही बरं का, नुसती आवक होईल. मी म्हटलं, होऊ द्या. त्यानं दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारला, नंबर टाकला, सही केली आणि पोच माझ्या हातात दिली.

घरी आलो. उंबऱ्यावरची तुझी चप्पल ओलांडली नाय, बाजूनं आलो. चिंचेच्या ढिगाशी बसलो, आपल्या जागी, आणि पोच उघडून तुला वाचून दाखवली, नोटिसा वाचायचो तशी, वरपासून खालपर्यंत, शिक्क्यातला नंबरसुद्धा. सिंधू दारात उभी राहून ऐकत होती, ऐकू दे.

आलं गं लायसनचं.